मथुराअक्कांचं फोल्डर

बांद्याजवळच्या काजू कारखान्याच्या ऑफिसात अक्षया दर सोमवारी एकवीस कॉम्प्युटरांवरून प्रत्येकाच्या फोल्डरचा आकार गोळा करायची. मथुराअक्का गणपतीआधी वारल्या, पण त्यांचं फोल्डर पुसायला कुणी धजलं नव्हतं.

मागल्या सोमवारी ते फोल्डर अचानक सत्तावीस जीबीने फुगलं. मंगळवारी अक्षयाची डिस्क गेली, तीन वर्षांच्या कामासकट. ते सगळं सत्तावीस जीबी काम अक्कांच्या फोल्डरमध्ये सापडलं, तारखेवार लावलेलं. तिने रडत स्क्रीनला हात जोडले.

"अक्का तशीच गो," शेजारच्या टेबलावरचे सत्यवानभाई म्हणाले. "पाऊस येवच्या आदीच छत्री हातात!"

तेव्हापासून अक्षया रोज सकाळी अक्कांच्या रिकाम्या खुर्चीला नमस्कार करायची. आज सोमवारीही केला, आणि आकारांची नवी यादी उघडली.

अक्कांचं फोल्डर आठवड्यात पाचशे त्र्याण्णव जीबीने फुगलं होतं.

तिने घाईघाईने बाकी सगळ्यांच्या फोल्डरांची बेरीज केली. मग पुन्हा एकदा केली.

पाचशे त्र्याण्णव.

खिडकीबाहेर फणसाखाली सगळं ऑफिस चहा पीत हसत होतं. सत्यवानभाई तिलाही हातानं बोलवत होते.

अक्कांनी या वेळी कुणालाच वगळलं नव्हतं.