गुरुदासचा फोटो

वृत्तपत्र छायाचित्रकार गुरुदास दरवर्षी पुरस्कारासाठी फोटो पाठवायचा आणि हात हलवत परत यायचा. यंदा मालवणच्या समुद्रात उलटलेल्या होडीतली माणसं वाचवतानाचा फोटो घ्यायला तो मच्छीमार बाबलीच्या होडीतून निघाला आणि स्वतःच पाण्यात पडला. बाबलीने त्याला शर्टाला धरून वर ओढलं. जेटीवरून तो क्षण टिपला दुसऱ्या पेपरातल्या अनुजाने.

पुरस्कार समारंभात ओरोसच्या सभागृहातल्या पडद्यावर गुरुदासचं आ वासलेलं तोंड झळकलं. "ही जगण्याची आर्त हाक!" परीक्षक गहिवरले. पहिला पुरस्कार अनुजाला मिळाला.

बाबली त्याच्या कानाला लागला, "तेंका सांगू काय रे, तू काय बोंबलत होतंस ता?"

टाळ्या वाजवत गुरुदास म्हणाला, "गप रव. 'गो बाय, माझो फोटो काढू नको' म्हणत होतंय, ह्या कळला तर तिचा बक्षीस जायत."