सासूबरोबर पाहण्याचे सिनेमे

मुलांनो, क्षणभर असं समजा की तुम्ही मंडपातल्या स्टेजवर उभे आहात. समोर चारशे माणसं आहेत. हातात कागद आहे आणि त्यातलं एक वाक्यही तुमचं नाही. कसं वाटेल? आता तुमच्या जागी अकरा वर्षांच्या सुगंधाला उभी करा.

जळगावच्या एका शाळेचं १९८८ सालचं स्नेहसंमेलन होतं. बोरसे बाईंनी स्पर्धा ठेवली होती: आपल्या आवडीच्या गोष्टींची यादी करायची, पण नुसती नावं नकोत, त्यांचे प्रकार पाडायचे. कोणी पक्षी घेतले, कोणी मिठाया. सुगंधानं सिनेमे घेतले.

"प्रकार पहिला," ती वाचू लागली, "सासूबरोबर पाहण्याचे."

मंडपात हशा पिकला.

"प्रकार दुसरा, सासूला न सांगता पाहण्याचे. तिसरा, तान्हं मूल मांडीवर असेल तर टाळण्याचे, कारण मध्यंतरापर्यंत बंदुका थांबत नाहीत. चौथा, पोटभर रडून हलकं होण्याचे. पाचवा, लग्न ठरलेल्या मुलीनं आधीच पाहून ठेवण्याचे."

प्रत्येक प्रकाराखाली पाच-सहा नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एक ओळ. एकापुढे होतं, 'हिरो बरा, पण सासरा त्याहून बरा.' त्यावर बोरसे बाईंना हसू आवरेना.

पाहुणे म्हणून आलेले निवृत्त हेडमास्तर बक्षीस देताना म्हणाले, "बाळ, हे तुला कोणी सांगितलं?"

"माझं मीच केलं, सर."

आई शेजारीच उभी होती. फोटोसाठी तिला वर बोलावलं होतं. हेडमास्तर तिच्याकडे वळले. "तुम्हीही खूप सिनेमे पाहता वाटतं?"

सुगंधाची आई यशोदाबाई मूळच्या धुळ्याजवळच्या सोनगीरच्या. तोंड उघडलं की गावची अहिराणी बोली यायची, 'आहे'ला 'शे', आणि वर्गातल्या मुली मग आठवडाभर 'शे-शे' करून चिडवायच्या. म्हणून सुगंधानं घरूनच बजावलं होतं, तिथं बोलायचं नाही.

"आईला त्यातलं काही कळत नाही, सर," सुगंधा घाईनं म्हणाली.

यशोदाबाईंनी पदर सावरला. "नई बा," त्या म्हणाल्या, "माले काय समजस."

मागे दोघी-तिघी फिसकन हसल्या. सुगंधा बक्षिसाची कंपासपेटी छातीशी धरून खाली उतरली.

यादी भिकनमामाच्या घरातल्या एका जुन्या वहीतली होती. मामा तरुणपणी धुळ्याच्या एका थिएटरात सिनेमाचं मशीन चालवायचा. दिवाळीत सोनगीरला गेली असताना माळ्यावरच्या ट्रंकेत सुगंधाला पिवळी पडलेली एक वही सापडली. तिनं कोणाला न विचारता ती दप्तरात घातली आणि जानेवारीत शब्दन् शब्द उतरवून काढली.

संमेलनाच्या आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरात मोठ्यानं पाठ करत होती. आई भाकरी थापत होती. दुसऱ्या प्रकारापर्यंत आली तेव्हा तव्यावरची भाकर करपली.

"कोनी शे वं ही यादी?" आईनं विचारलं.

"माझी."

"बरं," आई म्हणाली आणि तिनं दुसरा गोळा घेतला.

बक्षिसानंतर तिसऱ्या दिवशी आईनं पोस्टकार्ड पुढे केलं. मामाला पत्र नेहमी सुगंधाच लिहायची. आई घरात, सासूसमोर, कधी पेन हातात धरत नसे.

"लिही, सुगंधाले बक्षीस भेटनं."

"कशाबद्दल मिळालं ते पण लिहू?"

"तुले वाटी ते लिही."

सुगंधानं लिहिलं, 'निबंधाबद्दल.' आईनं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि पोस्टाच्या पेटीत टाकायला गेली.

आठ दिवसांनी मामाचं उत्तर आलं. ते त्यानं शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलं होतं; मामाला लिहायचा आळस, असं सुगंधाला वाटायचं. 'भाचीनं नाव काढलं. आखाजीला या, पोरीला नवा झगा शिवतो.' नवी कंपासपेटी सुगंधानं त्याच दिवशी कपाटातल्या कपड्यांखाली दडवली. मामाला कळलं तर तो रागावणार नाही, हे तिला माहीत होतं. तिला भीती नेमकी याचीच होती. तो नुसता बघेल आणि पुन्हा कधी लाडानं 'भाची' म्हणणार नाही.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मायलेकी सोनगीरला आल्या. माहेरवाशिणींनी निंबाला झोके बांधले होते. गाणी चालली होती. मामा ओट्यावर एकटा सुपारी कातरत बसला होता. सुगंधानं दप्तरातून वही काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"मामा, बक्षीस निबंधाला नव्हतं. मी तुझी वही चोरली. सगळं तुझं वाचून दाखवलं आणि माझं म्हणून सांगितलं."

मामानं वही उघडली. दोन पानं उलटली. अडकित्ता बाजूला ठेवला.

"मनी वही?" तो म्हणाला. "येडी व्हयनी का पोरी! माले सहीसुद्धा धड येत नई. मी मशीनवर. बायास्ना दारवर तुनी माय ऱ्हाये, तिकिटं फाडाले. लगीनना आधी दोन वरीस. आत जावाना आधी बायका तिलेच इचारेत, कोणता पाहू, सासूले आणू का नको. म्हणून तिनी हाई वही लिखी." मग आवाज खाली आणून तो पुढे म्हणाला, "तुन्या आजीले, तुन्या मायनी सासूले, हाई ठाऊक नई. थिएटरना दारवरनी पोर म्हनीसन सोयरीक मोडती."

सुगंधानं वही उचलली आणि निंबाकडे चालत गेली. झोक्यावर आई होती, भोवती गल्लीतल्या सगळ्या बायका होत्या. सुगंधानं झोक्याचा दोर धरून तो थांबवला. गाणं थांबलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "माय, ही वही तुनी शे. मी चोरी व्हती."