खिडकीतली वायर

लाइट गेले तशी वृंदाने खिडकीतून वायर खाली सोडली, धावत जिना उतरून ती इलेक्ट्रिक स्कूटरला जोडली आणि किल्ली फिरवली. सासऱ्यांच्या, अण्णांच्या, ऑक्सिजन मशीनसाठीच तिने स्कूटरच्या बॅटरीवरून ही जादा लाइन काढून घेतली होती. मेकॅनिकने बजावलं होतं, “किल्ली चालू असेल, तरच करंट येईल.”

ती वर आली तेव्हा मशीन घुरघुरत होतं. अण्णांचा श्वास शांत होत गेला, तसा तिच्याही जिवात जीव आला.

आणि मशीन एकाएकी गप्प झालं.

अण्णांनी तिचं मनगट घट्ट धरलं. वृंदाने दुसऱ्या हाताने प्लग काढून पुन्हा खोचला, बटण दाबलं. बॅटरी उतरली? की खाली गाडीच पेटली? धावत जाऊन बघावं, तर अण्णांची बोटं सुटेनात. त्यांचे ओठ निळे पडायला लागले.

तेवढ्यात उघड्या दारात शेजारचे करंबेळकर काका येऊन उभे राहिले, हसत, बोटात तिच्याच स्कूटरची किल्ली फिरवत.

“अगं वृंदा, कसला हा वेंधळेपणा! गाडी चार्जिंगला लावलीस आणि किल्ली चालूच? बरं झालं, माझं लक्ष गेलं!”