आधार-व्यक्ती

"आता सांगा, तुमची आधार-व्यक्ती कोण?" आरोग्य केंद्रातून गृहभेटीला आलेल्या ताईने विचारलं आणि पेनाचं टोपण काढलं.

सून भिंतीला टेकून बसलेली. तीन महिन्यांचं बाळ शेजारी दुपट्यावर, आणि हिचे डोळे इतके तारवटलेले की बघवत नव्हतं. समोरच्या सोफ्यावर सासू, मांडीवर हात ठेवून, अगदी फोटोला बसल्यासारखी. खुर्चीत नवरा, मोबाइलमध्ये डोकं खुपसून. म्हणायला घर भरलेलं.

"घाबरू नका हो," ताई म्हणाली. ताई मनाने चांगली होती बरं का. तेच तर वाईट. "बाळ रडतंय, तुम्हाला काही सुचत नाहीये, अशा वेळी तुम्ही पहिली हाक मारता ते माणूस. प्रत्येक नव्या आईला एक तरी लागतंच. इथे खरं बोललं म्हणून कोणी रागावणार नाही. हो ना आजी?"

"इश्श, राग कसला त्यात?" बाळाची आजी, म्हणजे सासू, साखर पेरत म्हणाली.

आणि त्या वेडीने ते खरं मानलं!

"वरच्या शिंपीणमावशी," ती म्हणाली. "दुपारी आई झोपल्या की त्या खाली येतात. तासभर बाळाला घेतात. तेवढीच मी झोपते. त्या नसत्या ना, तर..." तिला रडूच फुटलं.

नवऱ्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं. बायकोचं बोलणं पूर्ण ऐकण्याची त्याची बहुधा पहिलीच वेळ असावी.

ताईचा चेहरा मात्र उजळला. "अरे वा! मग त्यांनाही बोलवू या की. आधार-व्यक्तीला भेटीत सामील करून घ्यायचं असतं. शिकवतात तसं आम्हाला."

"नको नको, त्या कामात असतील," सून घाईघाईने म्हणाली. पण ताई केव्हाच जिन्यापाशी जाऊन हाक मारून आली होती.

शिंपीण खाली आली. गळ्यात टेप, बाहीला दोरे चिकटलेले. सगळे बसलेले पाहून ती दारातच थबकली.

"ये ना, परक्यासारखी काय उभी?" सासू म्हणाली. "आमची सून म्हणते, तू रोज दुपारी बाळाला सांभाळायला येतेस. मी झोपल्यावर! मला मेलीला पत्ताच नाही. आणि हो, बरी आठवण झाली. तुझ्या खोलीचा करार संपतोय ना या महिन्यात? पुढे तुलाच द्यायची की नाही, तेच बोलत होतो आम्ही घरात."

शिंपिणीने सुनेकडे पाहिलं. मग वर छताकडे. वर तिचं मशीन होतं, अंथरूण होतं, जे काय होतं ते सगळंच वर होतं.

"मी?" ती म्हणाली. "नाही हो वहिनी. मला मशीनवरून मान वर करायला फुरसत नसते, मी कुठली येतेय? एखादवेळी मीठबीठ मागायला आले असेन तेवढंच."

तिचा आवाज ऐकला मात्र, बाळाने दाराकडे मान वळवली. बोळकं पसरून हसलं आणि हातपाय झाडायला लागलं. आजीला पाहून ते असं कधी हसलं नव्हतं. सगळ्यांनी पाहिलं. शिंपिणीने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"आवाजाच्या दिशेने वळतंय हं," ताई लिहिता लिहिता म्हणाली. "वाढ छान आहे."

"मावशी, अहो, असं काय करता?" सून म्हणाली. पण मावशी पाठमोरी झाली होती.

सासू ताईच्या कानाशी लागली. कुजबुज अशी, की सबंध खोलीला ऐकू जावी. "हल्ली हे असंच काहीबाही बोलते हो. बाळंतपणानंतर डोक्यावर परिणाम होतो म्हणतात, त्यातलं तर नसेल?"

"असू शकतं," ताई म्हणाली, आणि खरंच कळवळून म्हणाली. "झोप नाही मिळाली की मन खेळ करतं. आजी, काही दिवस दुपारी तुम्ही नका झोपू. यांना बाळाजवळ एकटं सोडू नका."

"छे! आता कसली झोपतेय मी!"

ताईने सुनेचा हात हातात घेतला. "तुमचा काही दोष नाही यात. परत विचारते हं, शांतपणे सांगा. तुमची आधार-व्यक्ती कोण?"

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. तो पुन्हा मोबाइलमध्ये शिरला होता.

"आई," ती सासूकडे न बघता म्हणाली.

"आता कसं बोललात!" ताईने लिहून घेतलं.

तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. सुनेचे हात त्याला उचलायला पुढे झाले आणि मध्येच थांबले. तिने मान वर करून सासूकडे पाहिलं. सासूने तिला थोडा वेळ तसंच ताटकळत ठेवलं. बाळ रडून रडून लालबुंद झालं, तेव्हा कुठे तिने मान हलवली. मग सुनेने त्याला उचललं.

"बघितलंत?" ताईला अगदी भरून आलं. "पहिली नजर कुठे गेली ते? आधार-व्यक्ती म्हणतात ती हीच."