चहाआधीचे उपकार

गोजरबाईला नवऱ्याचं वागणं सोसवेना. बोंडअळीनं बीटी कपाशी पोखरल्यापासून भगवानराव भिंतीकडं तोंड करून पडायचा, वाढलेलं ताट तसंच परत धाडायचा. तिनं कायदाच केला: रोज एका गोष्टीचे उपकार मानल्याशिवाय चहा नाही. पहिल्या दिवशी तो फणकारला, "तुह्या जिभेचे उपकार! फवारली तरी मरत नाही." तेवढ्यावरही तिनं चहा दिला. मग म्हशीचे, नातीच्या बडबडीचे उपकार निघाले. भूक मात्र परतेना. आज कापसाची पहिली वेचणी. वेचणीआधीच्या पूजेचा, सीतादहीचा दहीभात शेतात शिंपायचा, तर भगवानराव म्हणे, "किडक्या कापसाची कायची पूजा?" ती एकटीच निघाली. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, मागून चपला वाजल्या. भगवानरावानं स्वतः दहीभात शिंपला, म्हणाला, "कपाशीतल्या तुरीचे उपकार, फुलली वं. उरलेला भात दे, भूक लागली." गोजरबाई वेचणारणींसमोर कडाडली, "जेवा! अळीनं कापूस खाल्ला, माह्या माणसाले खाणं तिच्या बापाले जमलं नाही!"