एकोणीस करकोचे

बहिणीने एकामागून एक पोती उलटी केली आणि मेलेले करकोचे भावाच्या अंगणात एकेक करून मांडले. वाकलेल्या माना हाताने सरळ केल्या. शेवटचा ठेवला तेव्हा ओळ पायरीपासून फाटकापर्यंत गेली होती.

"एकोणीस," ती म्हणाली.

खोऱ्यातले पक्षी मोजणं ही तिची नोकरी होती. डोंगर ओलांडून आलेले थवे दर थंडीत इथल्या शेतांत उतरायचे आणि ती बांधावर बसून त्यांची नोंद करायची. मेलेल्यांसाठी तिच्या वहीत रकानाच नव्हता. आज तिने तो पट्टीने आखून घेतला होता.

भाऊ पायरीवरून उठला नाही. "दोनदा पेरलं. दोनदा यांनी बी उकरून फस्त केलं. तेव्हा तू कुठे होतीस? दुर्बीण लावून त्यांचं कौतुक बघत बसली होतीस."

"म्हणून बियाण्याला विष चोळलंस?"

"चोळलं. शेत माझं आहे. पक्षी तुझे असतील तर बांधून ठेव."

वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिने ती ओळ पाहिली. उंबरा मात्र ओलांडला नाही. या दोघांच्या मध्ये पडून ती एकदा तोंडघशी पडली होती.

"तक्रार करणार आहेस?" भावाने विचारलं.

"सकाळीच केली. दुपारपर्यंत वनखात्याची माणसं येतील."

आता मात्र तो उठला. "सख्ख्या भावावर उलटलीस. पुन्हा या घराची पायरी चढायची नाही. तू मेलीस आम्हाला."

"बरं."

"मग आलीस कशाला? तमाशा करायला?"

तिने रिकाम्या पोत्यांच्या घड्या घातल्या. "यातले सात ओढ्यात सापडले. तुमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला. विषाचे डबेही तू तिथेच टाकलेस. विहिरीचं पाणी पिऊ नका."

"थापा. मला घाबरवायला आलीस तू."

ती फाटकाकडे चालू लागली. तो तिच्या पाठीवर ओरडत राहिला. लहानपणापासून तिने त्याचं काय काय बिघडवलं, ते सगळं त्याने काढलं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

वहिनी दारात नव्हती. आत स्वयंपाकघरात पाणी ओतल्याचा आवाज झाला. भाऊ बोलता बोलता थांबला.

आत दुसरं भांडं रिकामं झालं. मग तिसरं.