परसातलं गोखरू

ऐका, पटलं तर घ्या. सरकारविरुद्ध बोलले म्हणून आमचे मास्तर तुरुंगात गेले. भेट बंद, पत्र बंद. वर तुरुंगातलाच एक हवालदार दर आठवड्याला त्यांच्या घराची झडती घ्यायला यायचा.

"बाई, परसातलं हे गोखरू उपटा की. काटेरी बी बुटांत रुतून बसतं."

"उपटते हो," म्हणत मास्तरांची बायको, आमच्या वहिनी, त्याच्यादेखत गोखरूला पाणी घालायच्या.

वर्षानं एकदाची भेट मिळाली. गजांमागून मास्तर म्हणाले, "इथं फरशीच्या फटींतून गोखरू उगवलंय. पिवळी फुलं बघून दिवस निभतो. अगदी आपल्या परसातलं वाटतं."

वहिनींनी शेजारी उभ्या हवालदाराच्या बुटांकडे पाहिलं.

"वाटणारच. दर आठवड्याला मीच पाठवते, सरकारी खर्चानं."